तिसरी-चौथीचा जोडवर्ग: वाचनस्तर नेमका कसा काढायचा आणि पुढे गट कसे पाडायचे?

खटाव_जोडवर्ग

नमस्कार. खटाव तालुक्यातली द्विशिक्षकी जि. प. शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून २४ मुलं. गेल्या वर्षीच्या नोंदवहीत बहुतेकांपुढे ‘परिच्छेद’ किंवा ‘गोष्ट’ लिहिलंय. झालेला धडा ही मुलं घडाघडा वाचतात, पण न शिकवलेलं पान समोर ठेवलं की दुसऱ्याच ओळीत अडतात. काही जण सुसाट वाचतात आणि काय वाचलंस विचारलं तर शेवटचं वाक्य तेवढं सांगतात. दोन मुलं गलाईवाल्यांची (सोनं-चांदी गाळणाऱ्यांची), यंदाच तमिळनाडूतून गावी आलीत.

विचारायचं ते असं. मजकूर कुठला घ्यायचा? एका मुलाला किती वेळ द्यायचा आणि तेवढ्यात बाकीच्यांचं काय करायचं? मिनिटाला किती शब्द हे मोजण्यावर भर द्यायचा का? आणि आमच्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ते वाचनातली चूक धरायची का? स्तर काढून झाल्यावर नुसता तक्ता भरायचा नाहीये, रोजच्या तासाला उपयोग व्हायला हवा.

कराड_दक्षिण

मॅडम, आधी मजकुराचं. पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका, मागच्या इयत्तेचाही नको. मोठ्या भावंडांकडून धडे पाठ झालेले असतात. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचा नमुना सगळ्यांच्या ओळखीचा आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पण ते सर्वेक्षणाचं साधन आहे, जिल्ह्या-राज्याचं चित्र काढायला केलेलं. त्यातली सगळ्यात वरची गोष्ट दुसरीच्या पातळीची असते. चौथीतलं मूल ती वाचून गेलं तर चौथीचं वाचता येतं का, हे त्यातून कळत नाही. सांगाडा त्यांचा घ्या आणि वर-खाली एकेक पायरी आपली जोडा.

अक्षरांच्या पट्टीवर २० अक्षरं, वर्णमालेच्या क्रमाने नकोत. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या मुद्दाम आणा, पण शेजारी-शेजारी नको. शब्दांच्या पट्टीवर पाच-पाच शब्दांच्या ओळी: पहिली बिनमात्रांची, दुसरी काना-वेलांटीची, तिसरी उकार-मात्रांची, चौथी अनुस्वाराची, पाचवी जोडाक्षरांची. पाचांत चार बरोबर आले तर ओळ पार. मग २५-३० शब्दांचा परिच्छेद, ८०-१०० शब्दांची गोष्ट आणि चौथीसाठी १२० शब्दांचा माहितीपर मजकूर. माहितीपर हवाच. गोष्टीत ‘पुढे काय’ याचा अंदाज मुलाला सांभाळून नेतो, माहितीच्या मजकुरात तो आधार नसतो.

सगळ्यात खाली एक ओळ बनावट शब्दांची ठेवा: ‘टेमू’, ‘गाळुपी’, ‘केमळ’ असले. खरे शब्द पार आणि हे अडले, तर मूल शब्दाची आकृती ओळखून वाचतंय, अक्षरं जोडून नाही. मात्र आधी सांगून ठेवायचं की हे खोटे शब्द आहेत. नाहीतर ‘केमळ’चं ‘कमळ’ होणारच आणि ती चूक म्हणून मोजली जाईल.

सुरुवात परिच्छेदापासून करा. नीट वाचला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरं. सगळ्यांना ‘क’पासून सुरू केलं तर वेळ जातो आणि हुशार मूल कंटाळून चुकतं.

एका मुलाला साधारण सहा मिनिटं लागतात. परिपाठानंतरचा अर्धा तास धरला तर रोज पाच, म्हणजे २४ मुलं पाच दिवसांत होतात. बसायचं व्हरांड्यात, वर्गाच्या दाराआड पण वर्ग दिसेल असं. मूल भिंतीकडे तोंड करून. वर्गातच घेतलं तर पाचवं मूल येईपर्यंत परिच्छेद सगळ्यांचा पाठ होतो. बाहेर घेतलं तरीही दोन संच करा आणि आलटून पालटून वापरा. बाकीच्यांना शुद्धलेखन देऊ नका, दहाव्या मिनिटाला ‘बाई, झालं’ सुरू होतं. जोडीने वाचायला ग्रंथपेटीतली पुस्तकं द्या आणि आवडलेल्या पानाचं चित्र काढायला सांगा, अर्धा तास जातो.

छपाईची एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संगणकावरच्या बऱ्याच फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. आपल्या मुलांनी बालभारतीच्या पुस्तकातला ल-श पाहिलेला असतो, म्हणून मूल अक्षराशी अडतं आणि आपण स्तर खाली लिहितो. मराठी वळण देणारा फाँट निवडा, नाहीतर सुवाच्य हाताने लिहून झेरॉक्स काढा. अक्षर २२-२४ आकाराचं, ओळींत भरपूर अंतर, आणि ओळ शब्दाच्या मध्ये तुटता कामा नये.

वाळवा_बाई

सरांनी मजकुराचं सांगितलं, मी नोंदीबद्दल लिहिते. स्तराचं नाव लिहिलं आणि वही मिटली, तर सहा मिनिटं फुकट गेली. मूल कुठल्या शब्दाला काय म्हणालं ते जसंच्या तसं उतरवा. तुमच्या प्रतीत ओळींमध्ये जागा ठेवा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतची शब्दसंख्या लिहून ठेवा. बरोबर शब्दावर बारीक टिंब. चुकीचा वाचला तर वर तो जे म्हणाला ते. गाळला तर गोल. स्वतःहून सुधारला तर ‘स्व’, आणि तो बरोबरच धरायचा. पुन्हा वाचला तर चूक नाही. तीन सेकंद थांबला तर शब्द सांगून टाका, ‘सां’ लिहा आणि चुकीत मोजा. ओठ हलवून सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. मुलं कागदापेक्षा आपला चेहरा जास्त वाचतात.

एक नमुना घेऊ.

‘ओढ्याच्या काठावर एक चिंचेचे झाड होते. झाडाखाली म्हातारी शेळी बसायची. एके दिवशी ओढ्याला पूर आला. शेळी घाबरून ओरडू लागली. वाड्यातली मुले पळत आली. त्यांनी शेळीला दोरीने बांधून वर ओढले.’

हे २९ शब्द झाले. समजा एका मुलीने चार चुका केल्या: ओढ्याच्याचं ‘ओढाच्या’, म्हातारीचं ‘महातारी’, ओढ्यालाचं ‘ओढाला’, वाड्यातलीचं ‘वाडातली’. दुसऱ्या मुलाच्याही चारच: बसायचीचं ‘बसली’, एकेचं ‘एक’, पळतचं ‘पटकन’, दोरीनेचं ‘दोरी’. दोघांचे २५ बरोबर, २५ भागिले २९ म्हणजे ८६ टक्के. तक्त्यात दोघं शेजारी-शेजारी बसतील, पण दोघांना शिकवायचं पूर्ण वेगळं आहे.

मुलीचं फक्त जोडाक्षर राहिलंय, तेही ठरावीक. बघा, ‘च्या’ आणि ‘त्यां’ तिने बरोबर वाचलेत. एक तर ते दर ओळीत डोळ्यांखालून जातात. दुसरं म्हणजे च आणि त यांचा दंड गळाला की अर्धं अक्षर उघड दिसतं. ट, ठ, ड, ढ यांना काढून टाकण्यासारखा दंडच नाही. तिथे पहिलं अक्षर पूर्ण दिसतं आणि य आकार बदलून त्याला चिकटतो. ‘दंड काढला की अर्धं’ एवढाच नियम शिकलेल्या मुलाला ढ्यामध्ये अर्धं अक्षर दिसतच नाही, म्हणून तो ढा वाचतो. तिच्यासाठी वाट्या, काठ्या, गाड्या, मेंढ्या ही ओळ घ्या. वाटी-वाट्या, काठी-काठ्या अशी जोडी फळ्यावर मांडा, आधी तोंडाने म्हणवून घ्या, मग बघायला लावा. ‘म्ह’साठी म्हैस, म्हणून, आम्ही, तुम्ही. आठवडाभर रोज दहा मिनिटं, नंतर नव्या वाक्यांत.

मुलगा अक्षरांत कच्चा नाही. तो शब्दाचं तोंड बघून उरलेलं मनाने भरतो. अर्थ थोडाफार सांभाळतो, म्हणून वर्गात पकडला जात नाही. त्याला दोरी, दोरीने, दोरीला, दोरीवर, दोरीशिवाय अशा एकाच शब्दाच्या शेपट्या बदलून वाचायला द्या. मराठीत सगळा कारभार शेपटीत असतो. बसायची आणि बसली यांत रोजची सवय आणि एकदाचं घडणं एवढा फरक पडतो, आणि तो पुढे प्रश्नाच्या उत्तरात चुकतो.

टक्क्यांचा ढोबळ अर्थ असा धरतात: ९५ आणि वर असेल तर मूल तो मजकूर एकटं वाचू शकतं, ९० ते ९४ असेल तर शिक्षकाच्या मदतीने शिकण्याजोगा, ९० च्या खाली जड. ही पट्टी न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या पद्धतीतून आलेली, इंग्रजी वाचनाची. अंदाजाला ठीक, पण ८९ आणि ९१ मध्ये भिंत उभी करू नका.

जत_पूर्व

ण-न बद्दल. मूल बोलताना ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ म्हणत असेल आणि वाचतानाही तसंच म्हणत असेल, तर चूक मोजायची नाही. त्याने अक्षर ओळखलंय, उच्चार घरचा आहे. खात्री करायची तर ण आणि न ची दोन कार्डं ठेवून ‘बाणातला ण दाखव’ म्हणा. बोट बरोबर गेलं तर विषय संपला. बोट चुकलं तर मात्र अक्षराचा प्रश्न आहे. ‘होते’चं ‘व्हतं’ केलं तरी तसंच. उलट मी म्हणेन, ‘होते’ बघून ‘व्हतं’ म्हणणारं मूल अर्थ घेऊन वाचतंय. प्रमाण उच्चार हा वेगळा तास.

आमच्या पूर्व भागात घरी कन्नड असलेली मुलं मराठी शाळेत असतात. त्यांचा ण-ळ चांगला असतो, कारण कन्नडमध्ये दोन्ही आहेत. गडबड होते ती घ-ग, भ-ब, ख-क मध्ये, कारण रोजच्या बोलण्यात महाप्राण फार उमटत नाहीत. ‘घर’चं ‘गर’. तिथेही हीच कार्डांची तपासणी.

या मुलांचा स्तर काढताना एक पायरी वाढवाच. परिच्छेद अडखळत का होईना वाचला आणि एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या संचातला तेवढाच परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं आली तर अडचण वाचनाची: सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते. ऐकूनही आली नाहीत तर अडचण मराठीची आहे. त्याला बाराखडी गिरवायला लावून उपयोग नाही, गप्पा, चित्रवर्णन आणि शब्दसंपत्ती हवी. उत्तर कन्नडमध्ये दिलं तरी आशय समजला म्हणून धरा.

तुमची गलाईवाल्यांची मुलं: आधी विचारा, तिकडे कुठली लिपी शिकली. हिंदी झालं असेल तर देवनागरी येते, फक्त ळ, ॲ आणि चमच्यातला च, जगातला ज एवढं दाखवावं लागतं. फक्त तमिळ-इंग्रजी झालं असेल तर पहिली पट्टी अक्षरांची. पण त्यांना पहिलीतलं मूल समजू नका. एका लिपीत वाचायला शिकलेलं मूल दुसरी लिपी फार लवकर उचलतं. तमिळमध्ये क-ख-ग-घ ला एकच अक्षर आहे, त्यामुळे तिथे अडेल, थोडा धीर धरा.

कराड_दक्षिण

वेगाचा प्रश्न राहिला. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या लक्ष्यांत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६०, तेही समजून, असं आहे. नोंद करावी लागते तर करा: मिनिट संपताच जिथे असेल तिथे रेघ मारा, तिथपर्यंतच्या शब्दांतून चुका वजा करा. मिनिटाच्या आत संपलं तर बरोबर शब्द गुणिले ६०, भागिले लागलेले सेकंद. यासाठी गोष्टच वापरा, २९ शब्दांवर वेग काढला तर एका अडखळण्याने आकडा कुठल्या कुठे जातो. मोबाईलचं घड्याळ पालथं ठेवा. मुलाला दिसलं की तो शर्यत लावतो.

पण मराठीत हा आकडा जपून वापरायचा. ‘झाडाखालच्या’ हा आपला एक शब्द. हिंदीत तोच ‘पेड़ के नीचे वाले’, म्हणजे चार. ६० मराठी शब्द वाचणारं मूल प्रत्यक्षात बरीच जास्त अक्षरं वाचून जातं. त्यातही एका मजकुरात ‘तो घरी गेला’ असली वाक्यं आणि दुसऱ्यात ‘शेजाऱ्यांच्या अंगणातल्या’ असेल, तर वेगांची तुलना होऊच शकत नाही. तुमचे दोन्ही संच अक्षरसंख्येने सारखे ठेवा, शब्दसंख्येने नाही. मग त्याच मुलाच्या जूनच्या आणि ऑगस्टच्या आकड्याला अर्थ राहतो.

वाळवा_बाई

वेगाच्या बाबतीत मी आणखी कडक आहे, सर. गोष्ट ९० टक्क्यांच्या खाली वाचणाऱ्या मुलाचा वेग मी काढतच नाही. चुकीचं वाचन भराभर करायला शिकवण्यात काय हशील? मॅडमच्या ‘सुसाट’ मुलांना उलट थांबायला शिकवावं लागेल. पूर्णविरामाला बोट टेकव, मग पुढे जा.

आणि प्रश्न नीट हवेत. ‘शेळी घाबरली का?’ याला ‘हो’ म्हणायला वाचावं लागत नाही. चार प्रश्न पुरतात. एक सरळ: शेळी कुठे बसायची? एक कारणाचा: ती का ओरडू लागली? इथे ‘घाबरून’ असं उत्तर आलं तर ते वाक्यातून उचललेलं आहे. ‘कशाला घाबरली?’ विचारा, पूर असं आलं तर आधीचं वाक्य जोडलं गेलंय. एक न लिहिलेल्याचा: मुलांनी तिला ‘वर’ ओढलं, म्हणजे ती कुठे होती? आणि एक शब्दाचा: ‘काठावर’ म्हणजे कुठे? शेवटचंच वाक्य सांगणारी मुलं तिसऱ्या प्रश्नाला हमखास अडतात.

खटाव_जोडवर्ग

खूपच नेमकं मिळालं, सर्वांचे आभार. आता गटाचं. समजा अक्षर-मात्रांत अडलेली ६, जोडाक्षर किंवा शेपटीत अडलेली ११ आणि वाचतात पण आशय निसटतो अशी ७ निघाली. मी एकटी आणि दोन इयत्ता. कसं बसवायचं?

पलूस_केंद्र

इयत्ता विसरा, या एका तासापुरती. तीन गट पुरे. पाच केलेत तर तास जागा बदलण्यातच संपेल.

सलग एक तास धरा. पहिली १५ मिनिटं सगळे एकत्र, तुम्ही एक गोष्ट किंवा बातमी मोठ्याने वाचायची आणि त्यावर बोलायचं. ही १५ मिनिटं कापायचा मोह होतो, कापू नका. अक्षरांत अडलेल्या सहांना वयाला साजेसा मजकूर कानावर पडण्याची दिवसातली ही एकच संधी आहे. मग १५-१५ मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत तुम्ही सहांजवळ, रोज, न चुकता. दुसऱ्या फेरीत अकरांजवळ. त्यात बाईंनी सांगितलेले दोन प्रकार वेगळे, एक दिवस जोडाक्षरवाले, एक दिवस शेपटीवाले. तिसरी फेरी आशयवाल्या सातांची आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी त्या वेळेत एकेका मुलाला शेजारी बसवून ऐका.

तुम्ही ज्यांच्याजवळ नाही त्यांना काम असं द्या की विचारायला उठावं लागणार नाही. सातांनी पुस्तकाचं एक पान वाचून त्यावर दोन प्रश्न लिहायचे, उत्तर पानात सरळ न सापडणारे. अकरांनी जोडीने एकच मजकूर तीनदा वाचायचा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं, मग अदलाबदल, मग दोघांनी मिळून. सहांनी अक्षरकार्डांतून शब्द जुळवून वहीत उतरवायचे, तुम्ही फेरीत शिकवलेल्याच मात्रांचे. पुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळी १ ते ४ अशा लावलेल्या. फक्त पातळीवर विसंबू नका. पातळी १ मध्येही जोडाक्षरं येतात, छापण्याआधी एकदा नजर टाका.

सहांची तपासणी दर शनिवारी, दहा शब्द, दोन मिनिटं. सगळ्यांची पूर्ण चाचणी पाच-सहा आठवड्यांनी, दुसऱ्या संचाने. लागोपाठ दोन शनिवारी नऊ-दहा शब्द बरोबर आले की मूल लगेच वरच्या गटात, चाचणीची वाट बघायची नाही. गटाला नाव पक्षी-फुलांचं द्या किंवा देऊ नका, आठवड्याभरात मुलांना कळतंच. तक्ता भिंतीवर मात्र लावू नका, कपाटाच्या दारामागे असू दे. भिंतीवर लागला की तो पालकांना आणि भेटीला येणाऱ्यांना दाखवायचा होतो, आणि मग स्तर खाली लिहायला हात धजावत नाही. तुमच्या नोंदवहीतले ‘परिच्छेद’ बहुधा असेच आलेत.

मधूनच एखादं मूल चार आठवडे जागचं हललं नाही तर आणखी सराव देण्याआधी डोळे-कान बघा. कागद नाकाशी धरतं का, मागून हाक मारली तर वळतं का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ही नावं वेगळी काढून द्या.

वाळवा_बाई

एक जोडते. आमच्याकडे ऊसतोडीची मुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि गाळप संपलं की जातात. तुमच्याकडे मेंढपाळांची असतील. त्यांच्यासाठी लहान संच वेगळा ठेवा: एक परिच्छेद आणि शब्दांच्या पाच ओळी, आल्या दिवशीच घ्यायचा. जाताना स्थलांतरित मुलांच्या शिक्षण हमी कार्डाला एक चिठ्ठी टाचा. ‘स्तर: शब्द’ एवढंच लिहू नका. ‘मात्रा येतात, अनुस्वार पक्का, ट-ठ-ड-ढ ची जोडाक्षरं बाकी’ असं लिहा. पुढच्या शाळेतल्या गुरुजींचा आठवडा वाचतो.

खटाव_जोडवर्ग

सोमवारपासून सुरू करते. फाँट बदलून संच आजच काढते, आत्ताच्या छापलेल्या पट्ट्यांवर खरंच हिंदी वळणाचा ल आहे.